ज्वारीवर पोसलेलं बियाणं

घरच्या घरी अळिंबी पिकवायचं मनात आलं की वेरूळ-खुलताबादकडचा माणूस शेड उभारतो, गव्हाचं काड भरून ठेवतो, पिशव्या टांगायला सुतळ्या बांधतो आणि मग अडतो तो बियाण्यापाशी. धिंगरी अळिंबीचं बी कृषी सेवा केंद्रात कपाशीच्या पाकिटाशेजारी ठेवलेलं नसतं. ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पातून किंवा एखाद्या खासगी प्रयोगशाळेतून मागवायचं, आधी नोंदणी करायची आणि आलं की लगेच वापरायचं, कारण ते जिवंत असतं. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर गाडीत तापलेली पिशवी हातात पडली तर आतली बुरशी अर्धमेली झालेली असते आणि वरून बघून ते कळतही नाही. कळतं ते पंधरा दिवसांनी, काडाच्या पिशव्या पांढऱ्या व्हायच्या ऐवजी हिरव्या-काळ्या व्हायला लागल्या की.

मग हे बियाणं, म्हणजे सगळे ज्याला स्पॉन म्हणतात ते, आपणच का करू नये? करता येतं. त्यासाठी लागणारं बहुतेक सामान मराठवाड्यातल्या घरात आधीपासूनच आहे: ज्वारी, कापूस, कुकर. नसते ती एका वेगळ्याच प्रकारच्या स्वच्छतेची सवय.

स्पॉन म्हणजे शिजवून निर्जंतुक केलेलं धान्य आणि त्याच्यावर वाढवलेले अळिंबीचे पांढरे तंतू. त्यातल्या ज्वारीला कोंब फुटत नाही, फुटता कामाही नये. ती मेलेलीच असते. अळिंबीच्या छत्रीखालून जे बीजाणू उडतात ते या कामाला येत नाहीत, कारण त्यांतला प्रत्येक आपले वेगळे गुण घेऊन येतो. सारखं पीक हवं तर एकाच जातीचे तंतू पोसून वाढवावे लागतात, जसा ऊस बियापासून न लावता बेण्यापासून लावतात. पण ओली, शिजलेली ज्वारी म्हणजे सूक्ष्मजीवांपुढे मांडलेली पंगतच. आमंत्रण धिंगरीला असलं तरी हवेतले, हातावरचे, खुद्द दाण्याच्या सालीतले कितीतरी जीव पानावर बसायला टपलेले असतात आणि बहुतेकांची भूक धिंगरीपेक्षा चपळ असते. पुढची सगळी कृती म्हणजे त्यांना उठवणं आणि पुन्हा आत येऊ न देणं.

धान्यावर स्पॉन करण्याची रीत फार जुनी नाही. युरोपात शतकभर अळिंबीचे तंतू असलेल्या घोड्याच्या लिदीच्याच विटा करून विकत असत. त्यात अळिंबीसोबत काय काय आलं, हे वाफे लावल्यावरच समजायचं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १८९४ मध्ये शुद्ध संवर्धनातून स्पॉन तयार झालं आणि १९३२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या जेम्स सिंडेन यांनी धान्यावरच्या स्पॉनचं पेटंट घेतलं. तिकडे राय नावाचं धान्य मुबलक, म्हणून पुढे तेच रूढ झालं. आपल्याकडे उत्तरेत गहू वापरतात, महाराष्ट्रात ज्वारी आणि गहू दोन्ही.

मला ज्वारी जास्त पटते, आणि ते केवळ आपलं धान्य म्हणून नाही. मालदांडीसारख्या टपोऱ्या रब्बी ज्वारीचे हजार दाणे साधारण ३० ते ३५ ग्रॅम भरतात. म्हणजे किलोभर ज्वारीत तीस हजारांच्या आसपास दाणे, आणि बुरशीने व्यापलेला प्रत्येक दाणा काडाच्या पिशवीत पडला की तिथून वाढ सुरू होण्याची एक वेगळी जागा. गव्हाचा दाणा थोडा जड, त्यामुळे या जागा कमी. बाजरीचे दाणे किलोला लाखाच्या घरात जातात, पण ते शिजल्यावर एकमेकांना चिकटून गठ्ठा होतात, मधली हवा कोंडते, आणि धिंगरीला श्वास घ्यायला हवा लागतेच. ज्वारी गोल असते, दाण्यांमध्ये फट राहते, पिशवी हलवली की मोकळी होते.

मात्र कोणतीही ज्वारी चालत नाही. खरिपातली हायब्रीड ज्वारी पक्व होताना सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात सापडली की कणसं काळवंडतात, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. तो काळेपणा म्हणजे फ्युजेरियम, कर्व्ह्युलेरिया अशा बुरश्यांचा मुक्काम. ती ज्वारी धुऊन पांढरी दिसली तरी पंगतीत आधीच पाहुणे बसलेले असतात. दुसरी चूक त्याहून वाईट: पेरणीसाठी आणलेल्या बियाण्यातली उरलेली ज्वारी वापरणं. तिला काणी पडू नये म्हणून गंधक किंवा थायरम चोळलेलं असतं. ही औषधं बुरशी मारण्यासाठीच असतात, तर धिंगरी तरी कशी वाचेल? शिवाय ते विष पुढे खायच्या पिकात न्यायचं काही कारण नाही. तेव्हा घरात भाकरीला ठेवलेली, किडकी नसलेली, गेल्या रब्बीतली ज्वारी घ्यावी आणि सुपात पाखडून फुटके दाणे काढून टाकावेत. फुटक्या दाण्यातून पिठूळ पाणी सुटतं आणि जंतूंचं फावतं.

पुढचं काम पाण्याचं, आणि स्पॉन बिघडतं ते सर्वांत जास्त इथेच. ज्वारी तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घालायची. भिजवण्याने दाणा फुगतो हे झालंच, पण त्याचा आणखी एक उपयोग आहे. दाण्यावर काही जिवाणू बीजाणूंच्या रूपात झोपलेले असतात आणि त्या अवस्थेत ते उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. ओल मिळाली की त्यांतले पुष्कळसे जागे होतात, आणि जागा झालेला जिवाणू उष्णतेने सहज मरतो. सकाळी पाणी बदलून ज्वारी वीस मिनिटं ते अर्धा तास उकळायची. किती शिजवायची हे घड्याळापेक्षा हाताला विचारावं. घुगऱ्या करताना दाणा फुटून फुलतो, इथे त्याच्या अलीकडे थांबायचं. दाणा नखांत दाबला तर दबला पाहिजे, आत कोरडा पांढरा ठिपका दिसता कामा नये, पण साल अखंड राहिली पाहिजे. एखाद-दुसरा फुटला तर चालतं; दहांतले दोन फुटायला लागले की आच बंद करावी.

मग चाळणीत निथळायचं आणि धुतलेल्या सुती कापडावर सावलीत पसरायचं. दाण्याच्या आत निम्म्याच्या आसपास पाणी हवं आणि बाहेरून अंग कोरडं हवं. मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन सोडली तर तळहात ओला होऊ नये आणि एकही दाणा चिकटून राहू नये. उन्हाळ्यात वेरूळच्या कोरड्या वाऱ्यावर हे तासाभरात होतं, भाद्रपदात अर्धा दिवस लागतो. इथे घाई केली तर पिशवीच्या तळाशी पाणी जमतं आणि आठवड्यात आंबिलीचा वास यायला लागतो. तो वास आला की जिवाणूंनी ताबा घेतलाय, पिशवी गेली असं समजावं.

कोरड्या झालेल्या दाण्यांत जिप्सम आणि कॅल्शियम कार्बोनेट मिसळतात. सुक्या ज्वारीच्या वजनाने किलोला २० ग्रॅम जिप्सम आणि ५ ग्रॅम कार्बोनेट. जिप्समने दाणे सुटे राहतात, कार्बोनेट आम्लता आटोक्यात ठेवतं, कारण बुरशी वाढताना आम्लं सोडते. चोपण जमिनीत टाकायचं जिप्सम शेतकऱ्यांना माहीत आहे, फक्त ते स्वच्छ आणि बारीक असावं. पीओपी घेऊ नये, ओल लागली की ते घट्ट होऊन दाणे जखडून टाकतं. आणि कार्बोनेटच्या जागी शाळेतला खडू कुटून घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो खडू पुष्कळदा जिप्समचाच असतो.

हे मिश्रण पिशवीत किंवा बाटलीत दोन तृतीयांश भरायचं. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची हवी, चुरगाळली की कुरकुर वाजणारी. साधी पॉलिथिनची पिशवी कुकरच्या उष्णतेत मऊ पडून दाण्यांना चिकटते. पिशवीच्या तोंडाला प्लॅस्टिकची कडी लावून तिच्यात कापसाचं बूच बसवतात. हवा आतबाहेर जावी पण जंतू अडावेत, एवढं काम ते बूच करतं. तिथे औषधाच्या दुकानातला कापूस अजिबात नको. तो धुऊन, विरंजन करून त्यावरचं नैसर्गिक मेण काढून टाकलेला असतो. म्हणून तर तो पाणी शोषतो. बूच ओलं झालं की त्यातूनच बुरशी आत उतरते. शेतातला वेचलेला कापूस, सरकी काढून पिंजलेला, ज्याच्या आपण देवापुढच्या वाती वळतो, त्यावर ते मेण शाबूत असतं आणि पाणी त्यावरून घरंगळतं. प्रयोगशाळा ज्याला 'न शोषणारा कापूस' म्हणून विकत घेतात, तो हाच. कुकरमध्ये ठेवताना बुचावर जाड कागद किंवा फॉइल गुंडाळलं की झालं.

कुकरचा विषय निघाला की लोक शिट्ट्या विचारतात. इथे शिट्ट्या मोजायच्या नसतात. भाताला चार शिट्ट्या पुरतात, कारण तिथे फक्त शिजवायचं असतं. इथे जागे न झालेले चिवट बीजाणू मारायचे आहेत आणि त्याला साधारण १२१ अंश सेल्सिअस तापमान दीड-दोन तास लागतं. दाण्यांच्या ढिगात उष्णता मध्यापर्यंत पोचायलाच वेळ जातो, म्हणून हे लांबण. घरगुती कुकरचं वजन चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब धरून ठेवतं, तेवढ्यात हे तापमान जवळपास मिळतं. छत्रपती संभाजीनगरचा पठारी भाग समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास आहे. उघड्या पातेल्यात इथे पाणी ९८ अंशांवरच उकळतं. कुकरमधला फरक मात्र अंशभराचाच, म्हणून दीडच्या ऐवजी पुरे दोन तास ठेवले की भागतं. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची, वजन अधूनमधून सुस्कारा टाकेल इतकीच. तळाशी दोन लिटर तरी पाणी आणि त्यात न बुडणारी जाळी हवी. पाणी आटलं तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो, म्हणून हे काम स्वयंपाकघरातल्या धावपळीत करू नये. दहा लिटरच्या कुकरात अर्ध्या किलोच्या चार पिशव्या मोकळ्या बसतात. कुकर आपोआप निवू द्यायचा, रात्रभर न उघडता.

कुकर नसेल तर जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८७७ मध्ये मांडलेली युक्ती आहे: सलग तीन दिवस रोज तासभर वाफ. पहिल्या दिवशी वाचलेले बीजाणू रात्री जागे होतात आणि दुसऱ्या दिवशी मरतात, राहिलेले तिसऱ्या दिवशी. गावाकडच्या इडलीच्या मोठ्या भांड्यात हे जमू शकतं. तरीही माझा कौल कुकरलाच. तीन दिवस गॅस जाळायचा आणि भरवसा मात्र अर्धाच मिळायचा.

आता वेरूळचीच एक गोष्ट, कारण ती याच भुकेची आहे. इथल्या लेण्यांत भिंतींवर चित्रं काढण्याआधी चिखल-चुन्याचा गिलावा देत आणि तो धरून राहावा म्हणून त्यात वनस्पतींचे तंतू घालत. अजिंठ्यालाही तसंच केलं होतं आणि तिथल्या गिलाव्यातल्या वनस्पतिजन्य भागावर किडे तुटून पडल्याने चित्रांचा बराच भाग गेला. वेरूळच्या गिलाव्याचे नमुने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत गांजाच्या झाडाचे, म्हणजे भांगवर्गीय वनस्पतीचे अंश सापडले. त्यांचा लेख २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. इथला गिलावा किडीपासून वाचला याचं श्रेय ते या वनस्पतीला देतात. ती ओलही सावरते. कुणीच जेवायला येऊ नये अशी पंगत त्या कारागिरांनी मांडली होती. स्पॉन करणाऱ्याला एकाच पाहुण्याला आत घ्यायचं असतं आणि हे जास्त अवघड आहे.

तो पाहुणा आत घेण्याची वेळ म्हणजे पुनर्रोपण, आणि ते पंख्याखाली करायचं नाही. स्वयंपाकघर नकोच: तिथे पीठ उडतं, विरजण असतं, आंबवलेलं पीठ असतं. एखादी लहान खोली ओल्या फडक्याने पुसून, दार-खिडक्या बंद करून अर्धा तास तशीच ठेवावी, म्हणजे उडालेली धूळ खाली बसते. हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन मग ७० टक्के स्पिरिटने पुसायचे. शंभर टक्के स्पिरिट जास्त प्रभावी असेल असं वाटतं, पण ते लगेच उडून जातं आणि पाण्याशिवाय जंतूच्या आतल्या प्रथिनांपर्यंत नीट पोचत नाही. हात पूर्ण सुकल्याशिवाय दिवा पेटवू नये, स्पिरिट भडकतं. दिव्याच्या ज्योतीभोवती हवा वर चढत राहते आणि वितभर जागेत धूळ खाली पडत नाही. त्या वितभर जागेतच तयार स्पॉनची पिशवी उघडायची, लाल करून निववलेल्या चमच्याने दोन चमचे दाणे नव्या पिशवीत टाकायचे आणि बूच लावायचं. या वेळी बोलू नये. पारदर्शक प्लॅस्टिकच्या खोक्याला हात घालायला दोन भोकं पाडून त्यात हे केलं तर आणखी बरं.

पिशव्या अंधाऱ्या कपाटात २५ अंशांच्या आसपास ठेवायच्या, एकमेकींना न चिकटवता, कारण वाढणारी बुरशी स्वतःही उष्णता सोडते. पाच-सहा दिवसांनी पांढरे ठिपके नीट दिसले की पिशवी बाहेरूनच चोळून दाणे सुटे करायचे. व्यापलेले दाणे सगळीकडे विखुरतात आणि पुढची वाढ झपाट्याने होते. धिंगरीला पंधरवडा पुरतो.

पांढरा सोडून दुसरा रंग दिसला तर त्या पिशवीवर दया दाखवू नये. राखाडी लव आणि तिच्यावर काळे टाचणीसारखे ठिपके म्हणजे शिळ्या पोळीवर येते ती बुरशी. नारिंगी भुकटी म्हणजे न्यूरोस्पोरा, हिची पिशवी उघडूच नये. ती घरभर पसरली की पुढचे काही घाणे हातचे गेले. हिरवा ठिपका बहुधा ट्रायकोडर्माचा. हा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा जुना मित्र. तुरीची, हरभऱ्याची मर आवरायला बियाण्याला चोळतो तोच, कारण तो दुसऱ्या बुरश्यांना खातो किंवा उपाशी मारतो. धिंगरीलाही तो तेच करतो. सकाळी हरभऱ्याची बीजप्रक्रिया करून संध्याकाळी स्पॉनला हात लावणारा माणूस स्वतःच शत्रूला घरात आणतो. त्या दिवशी हे काम दुसऱ्या कुणी करावं, आणि ट्रायकोडर्माचं पाकीट शेडमध्ये ठेवू नये. बिघडलेली पिशवी न उघडता पुन्हा कुकरमध्ये वाफवून उकिरड्यात पुरावी. बुरशी आलेली ज्वारी कोंबड्यांना किंवा गुरांना टाकू नये, ॲस्परजिलसच्या काही जाती त्यात विष सोडतात आणि ते शिजवूनही जात नाही.

घरी किती मजल मारायची, याबद्दल माझं मत ठाम आहे. प्रयोगशाळेत बटाट्याच्या अगरवर नळीत वाढवलेलं शुद्ध संवर्धन असतं, त्यापासून पहिलं स्पॉन होतं आणि त्यापासून पुढचं. नळी सांभाळण्याचा खटाटोप घरी करू नये. चांगल्या ठिकाणाहून ताजं स्पॉन अर्धा किलो आणावं, त्यातून एकदा दाण्यावरून दाण्यावर वाढवावं आणि त्या पिशव्या थेट काडात वापराव्यात. अर्ध्या किलोतून वीस-पंचवीस पिशव्या निघतात, म्हणजे दहा-बारा किलो बियाणं. त्यातूनच पुन्हा, मग पुन्हा, असं सोयाबीनच्या घरच्या बियाण्यासारखं वर्षानुवर्षं चालवायला गेलं तर दर पिढीला वाढ सुस्तावते आणि लपलेली भेसळही वाढत जाते. पावसात डोंगरावर दिसलेल्या भूछत्रापासून स्पॉन करण्याच्या फंदात तर पडूच नये. ओळख चुकली तर जिवावर बेततं, आणि कोकण-गोव्यात ज्या रोवणाच्या अळंब्यांसाठी लोक वाट पाहतात त्या कुणालाच पेरता आलेल्या नाहीत. त्यांची बुरशी वाळवी आपल्या वारुळात चावलेल्या लाकडावर पोसते.

तयार स्पॉन महिन्याच्या आत वापरावं. दाण्यांवर पिवळसर पाणी सुटू लागलं की ते म्हातारं होत चाललंय. दहा किलो सुक्या काडाला किलोभर स्पॉन हा घरगुती हिशोब. ऐंशी अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवून निथळलेल्या काडात ते थर देत भरायचं, आणि नीट जमलं तर सहा-आठ किलो ताजी धिंगरी मिळते. लेण्यांच्या रस्त्यावरच्या हॉटेलांना बहुधा पांढरी बटन अळिंबीच हवी असते, म्हणून धिंगरी वाळवूनही विकता येईल अशी तयारी ठेवावी.

हंगामाचं गणित मागून मांडावं. धिंगरीला २० ते ३० अंश आणि दमट हवा लागते, म्हणजे वेरूळला जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत. दिवाळीनंतर पिशव्या भरायच्या असतील तर ज्वारी दसऱ्याच्या सुमारास भिजत घालावी. मार्चनंतर शेड चालूच ठेवायचं असेल तर दुधी अळिंबीकडे वळावं, ती ३० ते ३५ अंशांत खुशाल येते. तिचं स्पॉनही ज्वारीवर याच पद्धतीने होतं, फक्त ते फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, थंडीने मरतं.